चॅरिटीसाठी पहिली मॅरेथॉन: आधी पैसे जमवा, मग पळा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ठाण्याचे, वय एकोणचाळीस, फोर्टमध्ये बँकेत नोकरी. दोन वर्षांपूर्वी आई कॅन्सरने गेली. उपचार परळला झाले. त्या दिवसांत बाहेरगावहून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं फुटपाथवर पथारी टाकून राहताना रोज दिसायची. अशा कुटुंबांची राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी येत्या जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉन, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटर, पळायची आणि दोन लाख रुपये जमवायचे असं त्यांनी ठरवलंय. आता जुलै आहे. आजवरची सर्वांत मोठी मजल दहा किलोमीटर, तीही निम्मी चालत. हे जमेल का, सुरुवात कुठून करायची, आणि पळताना आईचा फोटो सोबत ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

जमेल. हातात साधारण अठ्ठावीस आठवडे आहेत आणि तुम्ही दहा किलोमीटर पायांवर काढलेत, म्हणजे शून्यापासून सुरुवात नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली चौदा वर्षं शिवाजी पार्कला पहिल्यांदा पळणाऱ्यांना तयार करते. त्यातले बरेच जण तुमच्यासारखे, कुणाच्या तरी आठवणीत आणि कुठल्या तरी संस्थेसाठी पळणारे असतात. सरावाचं सांगतेच, पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण चॅरिटीसाठी पळणाऱ्याचा धोका इतरांपेक्षा वेगळा असतो. त्याला थांबता येत नाही. बाकीच्यांना दुखलं की ते घरी बसतात. चॅरिटीवाल्याच्या डोळ्यांसमोर पैसे दिलेले दीडशे लोक असतात, आणि तो दुखणं लपवतो.

मी स्वतः लपवलंय. माझ्या दुसऱ्या मॅरेथॉनच्या वेळी मी मुलांच्या एका संस्थेसाठी पैसे जमवत होते आणि लोकांना म्हटलं होतं, दर किलोमीटरमागे काहीतरी द्या. कुणी पन्नास, कुणी शंभर. डिसेंबरात डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. आधी पळून झाल्यावर दुखायचं, मग पळताना, मग जिना उतरताना. अंगठ्याने दाबून पाहिलं तर रुपयाएवढ्या एकाच जागी जीव जाईल असं दुखत होतं, दोन बोटं वर किंवा खाली काहीच नाही. समोर पेशंट असता तर मी त्याला त्याच मिनिटाला पळणं बंद करायला लावलं असतं. हाडाला बारीक तडा जात असल्याची ती खूण आहे, हे मी रोज लोकांना शिकवते. तरी मी तीन आठवडे पळत राहिले, कारण डोक्यात एकच हिशेब होता: किलोमीटर कमी झाले की मुलांचे पैसे कमी होणार. एका रविवारी वरळीला पाय टेकेनासा झाला. दोन महिने पळणं बंद आणि शर्यत गेली. मग मी एकेकाला फोन करून खरं काय ते सांगितलं. एक माणूस सोडून सगळ्यांनी ठरलेले पूर्ण बेचाळीस किलोमीटरांचे पैसे दिले.

तेव्हापासून आमच्या ग्रुपचे दोन नियम आहेत. किलोमीटरमागे पैसे मागायचे नाहीत. आणि पैसे शर्यतीच्या आधी जमवायचे, होता होईल तो डिसेंबरच्या शेवटापर्यंत. लोकांना सांगायचं की मी पळायचा प्रयत्न करणार आहे, पण तुमचे पैसे आजच संस्थेला पोचतायत आणि आजच कामाला लागतायत.

टेरी फॉक्सचं नाव ऐकलं असेल, त्याच्या नावाची दौड मुंबईतही झालेली आहे. हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय कापावा लागला होता. १९८० च्या एप्रिलमध्ये तो कृत्रिम पायावर अख्खा कॅनडा पळून पार करायला निघाला, रोज साधारण एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि १ सप्टेंबरला त्याला थांबावं लागलं, कारण आजार फुप्फुसांत पोचला होता. धाव अर्धी राहिली. पण पुढच्या फेब्रुवारीपर्यंत निधी २.४ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता, म्हणजे तेव्हाच्या प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. त्याला पैसे देणाऱ्यांनी किलोमीटर मोजले नव्हते. तुमचे देणगीदारही मोजणार नाहीत. त्यांना तुमची आई आठवत असेल किंवा तुम्ही त्यांना प्रिय असाल, म्हणून ते देतील.

आता पैशांचं. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि युनायटेड वे मुंबई ही तिची परोपकार भागीदार संस्था आहे. सहभागी संस्थांच्या नावाने पैसे त्यांच्यामार्फत जमवता येतात. तुमची संस्था या यादीत आहे का, तिच्याकडे चॅरिटी बिब, म्हणजे संस्थेच्या कोट्यातली शर्यतीची जागा, शिल्लक आहे का आणि पूर्ण मॅरेथॉनसाठी पात्रतेची अट काय आहे, हे याच आठवड्यात संस्थेला फोन करून विचारा. मुदती आणि अटी दरवर्षी नव्याने ठरतात आणि लोक ऑक्टोबरात जागे होतात.

एकही रुपया स्वतःच्या खात्यात किंवा स्वतःच्या जीपेवर घेऊ नका. काका प्रेमाने म्हणतील, “तुला पाठवतो, तू भर.” तरी नाही म्हणा. तुम्ही भरलेत की पावती तुमच्या नावाने निघते आणि काकांना करसवलत मिळत नाही. ज्याला आपण सगळे ‘८०जी’ म्हणतो ती सवलत मिळायला देणगीदाराचं नाव आणि पॅन संस्थेकडे जावं लागतं, आणि दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती मिळत नाही. नव्या करप्रणालीतल्या लोकांना ती तशीही लागू नाही, तेव्हा तिचं आमिष सरसकट सगळ्यांना दाखवू नका. पैसे गोळा करणाऱ्या काही संकेतस्थळांवर त्या संकेतस्थळालाच द्यायच्या टीपचा रकाना आधीच भरलेला असतो. तो शून्य करता येतो, हे घरातल्या ज्येष्ठांना आवर्जून सांगा.

परदेशातल्या नातेवाइकांच्या बाबतीत फार लोक गोंधळतात. तुमचा भाऊ न्यू जर्सीत आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याने स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. तोच भाऊ अमेरिकन नागरिक झाला असेल तर धरले जातात, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो वा नसो. अशा वेळी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यावरच यावे लागतात. संस्थेला आधी विचारा. चुकीच्या खात्यात आलेले पाच हजार रुपये छोट्या संस्थेला पुढे फार महागात पडतात.

दोन लाखांचा आकडा ऐकून छाती दडपते, म्हणून वही घेऊन बसा. बँकेतले सहकारी, शाळेचे वर्गमित्र, सोसायटी, आईच्या माहेरचे, वडिलांकडचे, बायकोच्या ऑफिसमधले, लोकलच्या डब्यातला तुमचा ग्रुप. दोनशे नावं होतात, प्रत्येकाची होतात. त्यातली साठ-सत्तर देतील. आधी तीन-चार जवळच्या माणसांना भेटून मोठी रक्कम मागा आणि ती देणग्यांच्या ऑनलाइन पानावर दिसू द्या. पहिला आकडा पाच हजारांचा दिसला की पुढचा माणूस शंभरावर थांबत नाही. बँकेच्या एचआरला विचारा, कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेत बँक स्वतःची भर घालते का. काही कंपन्या घालतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आणि मेसेज. “मी मॅरेथॉन धावत आहे, कृपया खालील लिंकवर क्लिक करून सढळ हस्ते मदत करावी” असा दोनशे जणांना पाठवलेला मजकूर कुणीही वाचत नाही. संस्थेला विचारा, एका रुग्णाची आणि त्याच्या सोबतच्या माणसाची एका दिवसाची सोय किती रुपयांत होते. तो खरा आकडा घ्या आणि असं लिहा: “मावशी, आईच्या केमोच्या वेळी आपण रात्री घरी यायचो तेव्हा गेटबाहेर झोपलेली माणसं तुला आठवतात ना? त्यांना खोली देणाऱ्या संस्थेसाठी मी जानेवारीत पळतोय. एका कुटुंबाचा एका रात्रीचा खर्च इतका येतो. तू किती रात्री देशील?” मावशीसाठी वेगळा, मॅनेजरसाठी वेगळा, शाळेच्या ग्रुपवर वेगळा. रोज पाचच पाठवा, पण नाव घालून पाठवा. महिन्याच्या एक ते सात तारखेला पाठवा, पगार झालेला असतो. आणि पितृपक्षाचा विचार करा. आईच्या तिथीला नातेवाईक काहीतरी देणारच असतात. त्या दिवशी “या वेळी हे तिच्या नावाने इथे द्याल का” असं विचारलं तर नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. असं विचारायला बरं वाटत नाही, हे कळतं मला. पण आईचं नाव घेऊन मागायची लाज वाटायचं काही कारण नाही.

आता पाय. पहिल्या आठवड्यात पळायच्या आधी डॉक्टरकडे जा. बीपी, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी. घरात कमी वयात कुणाला हृदयविकार झाला असेल तर ते स्पष्ट सांगा आणि स्ट्रेस टेस्ट करायची का ते त्यांना ठरवू द्या. पळताना छातीवर दाब आला, जबडा किंवा डावा हात भरून आला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचं.

जुलै-ऑगस्टमध्ये किलोमीटर मोजूच नका, मिनिटं मोजा. आठवड्यातून तीन दिवस अर्धा-पाऊण तास, चार मिनिटं पळायचं आणि एक मिनिट चालायचं. चौथा दिवस रविवारचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं, सुरुवातीला एक तास. वेग इतकाच की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. एकटे असाल तर मारुतीस्तोत्र म्हणा, ओळीच्या मधेच श्वास तुटला तर वेग जास्त आहे. नव्या माणसाला हा वेग लाजिरवाणा वाटतो आणि तो दामटतो. दम दोन महिन्यांत वाढतो, हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश तयार होतात, आणि दुखापती नेमक्या याच मधल्या काळात होतात.

सप्टेंबरअखेर रविवारची मजल पंधरा किलोमीटरवर येऊ द्या, नोव्हेंबरच्या मध्याला एकवीसवर. जमलं तर ही एकवीस एखाद्या अर्धमॅरेथॉनमध्येच पळा, म्हणजे गर्दी, पाण्याचे स्टॉल, पहाटेचं पोट या सगळ्याची सवय होते. मग चोवीस, मग मुद्दाम अठरावर उतरायचं, मग सत्तावीस, आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तीस. तिथेच थांबायचं. पूर्ण बेचाळीस सरावात पळायचे नसतात. त्यातून सावरायला जे आठवडे जातात ते तुमच्याकडे नाहीत. नंतरचे दोन रविवार वीस आणि बारा, आणि तिसऱ्या रविवारी शर्यत. दर चौथ्या आठवड्याला एकूण पळणं पाव-एक हिश्शाने कमी करा. आणि ठाणे ते सीएसएमटी लोकलमध्ये जो तास उभं राहून जातो, तोही पायांवरच पडतो. लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी एक गाडी सोडा, पण बसून जा.

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पायांची ताकद वाढवायची. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, आधी दोन पायांवर, मग एका. खुर्चीवरून हात न टेकता उठणं. पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं. माझ्याकडे गुडघा धरून येणाऱ्या दहांतल्या सात जणांचा गुडघा ठीक असतो, कंबर आणि पोटरी कच्ची असते.

पावसात बूट ओले होणारच. घरी आल्यावर आतला तळवा काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, तासाभराने बदलायचे, पंख्याखाली ठेवायचे. परवडत असेल तर दोन जोड ठेवा आणि आलटून पालटून वापरा. बूट संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा सुजलेले असतात, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. ओल्या कपड्यांनी मांड्या, काखा आणि पुरुषांना स्तनाग्रं काचतात, अगदी रक्त येईपर्यंत. निघण्याआधी भरपूर व्हॅसलीन लावा. तुमच्या ठाण्यातच उपवनला सपाटीवर पळून झालं की महिन्यातून दोनदा येऊरचा चढ घ्या. त्याचं कारण पुढे येतंच.

खाणं-पिणं जरा सविस्तर सांगते, कारण तिसाव्या किलोमीटरनंतर माणसं कोसळतात ती बहुतेक इथे. पळताना किलोमीटरमागे साधारण वजनाइतक्या किलोकॅलरी खर्च होतात. सत्तर किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरला २,९०० च्या आसपास लागतात, आणि स्नायू व यकृतात साठवलेली साखर दोन हजारांच्या आतबाहेर पुरते. उरलेलं शरीर चरबीतून काढतं, पण सावकाश. म्हणून पळतानाच खायचं, पहिल्या तासापासून, भूक नसली तरी. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, गुळाचे खडे, ग्लुकोजचं पाणी, विकतचं जेल, तुमच्या पोटाला जे मानवेल ते. पण ते सप्टेंबरपासूनच्या लाँग रनमध्ये खाऊन पाहायचं. शर्यतीच्या दिवशी नवं काही नाही. शर्यतीत रस्त्यावरची माणसं प्रेमाने बिस्किटं, संत्री, काय काय पुढे करतात. नमस्कार करा आणि आपलंच खा.

पाणी तहानेप्रमाणे प्या. कमी पाण्याची भीती सगळ्यांना असते, जास्त पाण्याची कुणाला नसते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के जणांत सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, नेहमीच्या पातळीपेक्षा कमी झालेलं आढळलं. त्यात शर्यतीदरम्यान वजन वाढलेले, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेले, जास्त होते. तुमच्यासारखे सावकाश पळणारे प्रत्येक स्टॉलवर थांबून पितात, म्हणून हा धोका त्यांनाच अधिक. लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करा. थोडं उतरलं तर ठीक, वाढलं असेल तर पाणी जास्त होतंय. आणि पळायच्या आधी किंवा पळताना आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी अजिबात नको. ती मूत्रपिंडावर ताण आणते आणि थांबायला सांगणारं दुखणं झाकते.

शर्यतीचा दिवस. किलोमीटरला आठ मिनिटं धरली तर तुम्ही पाच तास सदतीस मिनिटांत पोचाल. सहा तास लागले तरी चालेल. सुरुवात सीएसएमटीहून अंधारात होते. मरीन ड्राइव्हची हवा, बँड, हजारो माणसं, आणि पाय आपोआप पळत सुटतात. पहिले दहा किलोमीटर मुद्दाम हळू काढा. सी लिंकवर जाल तेव्हा उजाडलेलं असेल. तिथे सावली नाही, आणि पुढे माहीम-प्रभादेवीवरून परतताना ऊन आणि दमट हवा दोन्ही अंगावर येतात. पस्तीस किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ लागतो. गाडीतून जाताना तो चढ आहे हे कळतसुद्धा नाही. तो पूर्ण चाला, ठरवून चाला, येऊरला सराव केला तसा हात मारत, छोट्या पावलांनी. वर पोचलात की पुढे उतार आणि मग सपाट समुद्र.

आणि थांबायचं कधी, हे घरी आत्ताच लिहून ठेवा आणि बायकोला वाचून दाखवा. एका बोटाखाली सापडणारं हाडाचं दुखणं. लंगडत पळावं लागणं. छातीची कुठलीही तक्रार. घाम बंद होऊन अंगावर काटा येणं किंवा भान हरपल्यासारखं वाटणं. यातलं काहीही झालं तर पहिल्या वैद्यकीय मदत केंद्रावर थांबायचं. डिसेंबरात झालं तर डिसेंबरात थांबायचं. तोवर पैसे संस्थेकडे पोचलेले असतील, कुटुंबं खोल्यांत झोपलेली असतील, आणि तुम्ही पुढच्या जानेवारीत पळाल. शर्यत झाली किंवा राहिली, दुसऱ्या दिवशी प्रत्येक देणगीदाराला नाव घालून खरं काय झालं ते कळवा आणि एकूण किती रात्री जमल्या तो आकडा द्या. पुढच्या वर्षी हीच माणसं न मागता देतात.

राहिला आईचा फोटो. लॅमिनेट करून छातीला लावू नका, घामाने कडा काचतात आणि तिसाव्या किलोमीटरला तो काढून कुठे ठेवायचा हा प्रश्न येतो. संस्थेचा टी-शर्ट मिळेल त्याच्या पाठीवर आईचं नाव मोठ्या अक्षरांत छापून घ्या. पुढे तुमचं नाव घाला, म्हणजे रस्त्यावरचे लोक तुम्हाला हाक मारतील. तोच टी-शर्ट निदान दोन लाँग रनला वापरा, म्हणजे शिवण कुठे टोचते ते कळेल. मागून येणारा कुणी ना कुणी पाठीवरचं नाव वाचून नक्की विचारेल, “कोण होत्या?” त्याला आईबद्दल दोन पूर्ण वाक्यं सांगण्याइतका श्वास असला, तर तुमचा वेग बरोबर आहे.